सात रविवार

टेकाडे काका खोकला ऐकायचे तेव्हा डोळे मिटून घ्यायचे. समोरचा माणूस खोकायचा, थांबायचा, घसा खाकरून आपली हकिगत सांगायला लागायचा, आणि काका नुसता हात वर करायचे. बोलू नका, आणखी एकदा खोका. मग डोळे उघडून निकाल द्यायचे, "कोरडा हाय. वरचाच हाय. छातीत नाई उतरला अजून." हा निकाल चुकलेला मी तीन वर्षांत एकदाही पाहिला नाही. आणि दुसऱ्यांच्या चुका काढण्यात मी काही कमी नाही.

मी ग्रंथपाल. माहेर-सासर दोन्ही अकोल्याचं, नवऱ्याची नोकरीही तिथलीच. आमच्या संस्थेने माझी बदली अमरावतीच्या कॉलेजात केली आणि मी वलगाव रोडकडच्या एका जुन्या कॉलनीत दोन खोल्या घेऊन एकटी राहू लागले. कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या कपाटांना कित्येक वर्षांत कोणाचा हात लागलेला नव्हता. मला पसारा बघवत नाही. आल्या आल्या पदर खोचून सगळी पुस्तकं झटकायला घेतली, आणि आठवड्याच्या आत असा काही खोकला लागला की जेवताना घास खाली उतरेना. चौथ्या दिवशी सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून एक पांढरं डोकं वर आलं.

"मॅडम, चार दिवस झाले ऐकून राहिलो. काहून त्रास करून घेता? इकडे या."

काका तेव्हा पंचाहत्तरीचे असतील. उंच, काटकुळे, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. गावातल्या एका वैद्यांकडे ते पस्तीस वर्षं कंपाउंडर होते. वैद्य गेले, दवाखाना बंद झाला, वैद्यांच्या मुलाने सामान काढलं तेव्हा काकांनी एकच वस्तू मागून घेतली. रोग्यांनी बसायचा सागवानी बाक. तो त्यांच्या घराच्या पुढच्या पडवीत भिंतीला लावलेला होता. चौघं जण सहज बसतील एवढा लांब. बाकासमोर त्यांची खुर्ची, खुर्चीशेजारी एक उंच स्टूल, आणि स्टुलावर झाकण ठेवलेलं पितळेचं पातेलं. बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली. एकुलती एक मुलगी, रेखा, नांदगाव खंडेश्वरला दिलेली. घरची शेती, सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिचं येणं सणावारी. बाकी घरात कोणी नाही.

त्यांचा काढा काही जगावेगळा नव्हता. अंगणात कुंपणाच्या कडेने अडुळसा लावलेला, त्याची पानं. ज्येष्ठमध, बेहड्याची साल, सुंठ, दोन पिंपळ्या, आणि शेताच्या बांधावर होते ती काटेरी भुईरिंगणी. ती मात्र रेखाच्या शेतातूनच यायची. पहाटे उठून पाणी चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं, कोमट झाल्याशिवाय मध घालायचा नाही. जगावेगळे होते ते त्यांचे नियम. काढा घरी न्यायचा नाही, तिथेच येऊन प्यायचा. आल्याबरोबर मिळायचा नाही, आधी बाकावर दहा मिनिटं बसायचं, "दम खाली बसू द्या." प्यायल्यावर पुन्हा दहा मिनिटं बसायचं, "अंदर जाऊ द्या." असे सात दिवस. वर चहा नाही. आणि बसल्यावर आजाराबद्दल बोलायचं नाही. मग माणूस काय बोलणार? काल कोणती भाजी केली, तुरीला भाव काय, पोराचं लग्न जमलं का, हेच.

पहिल्या दिवशी मी चिडलेच. मला साडेनऊला कॉलेज गाठायचं होतं.

"काका, एका बाटलीत द्या ना घालून. मी घेईन वेळेवर."

"बाटली घरी नेली का मानूस विसरते. पस्तीस वर्सं पाह्यलं मी. अन् काढा दुसऱ्या दिवशी उतरते, मॅडम. ताजाच पायजे."

मी बसले. सातव्या दिवशी खोकला गेला. तोवर काकांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं होतं: पुस्तकं कशाने झटकता, खिडक्या कोणत्या दिशेला, गार पाणी पिता का. "कोरड्या फडक्यानं धूळ मरते काय? थे तं उठते अन् तुमच्या नाकात जाते. ओला फडका घ्या, पिळून. नाकाले दुपट्टा बांधा. संध्याकायी आल्यावर मिठाच्या पान्यानं गुळन्या करा. मंग माह्याकडे यायचं कामच नाई पडत." हे शेवटचं वाक्य म्हणताना ते जरा थांबले. ते थांबणं मला तेव्हा कळायला हवं होतं. मी आपली घड्याळ बघत होते.

थंडी सुरू झाली, कापसाची वेचणी आणि तुरीची मळणी सुरू झाली, की बाक भरायचा. वाऱ्यावर सगळीकडे भुसा आणि तंतू. शेजारच्या वानखडे वहिनी, वहिनींची सासू, कोपऱ्यावरचा टेलर, निवृत्त काळे वकील. काका खोकल्यांना नावं ठेवायचे, म्हणजे खरोखरची नावं. वहिनींच्या सासूचा खोकला 'सुनेचा' होता. सून समोरून गेली की वाढायचा. टेलरचा 'तंबाकूचा', त्याला काढा द्यायच्या आधी पानाची पिचकारी आणि पुडी कुंपणाबाहेर. वकीलसाहेबांचा 'तारखेचा'. "कोर्टात उत्तर नाई सुचलं का मानूस खोकलते ना, थो. रिटायर झाले तरी सवय नाई गेली." वकीलसाहेब स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसायचे.

याच वकीलसाहेबांवर त्या हिवाळ्यात प्रसंग आला. त्यांचे सात दिवस झाले, काकांनी आणखी सात दिले, तरी खोकला हटेना. पंधराव्या दिवशी ते बाकावर येऊन बसले, दहा मिनिटं झाली, पण काकांनी पातेल्यावरचं झाकण काही काढलं नाही.

"आज नाई देनार."

"का बुवा?"

"दोन हप्त्याच्या वर राहिला थो खोकला माह्या हातातला नाई. आज डॉक्टरकडे जाचं. छातीचा फोटो काढाचा."

वकीलसाहेबांना ते लागलं. म्हणाले, "मला त्या डॉक्टरांवर विश्वास नाही, म्हणून तर तुमच्याकडे येतो." काकांनी वाद घातला नाही. आत जाऊन सदऱ्यावर कोट चढवला, ऑटो थांबवला, आणि वकीलसाहेबांचा हात धरून त्यांना त्यात बसवलं. तपासणीत क्षय निघाला. वेळेत कळला म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्यांवर भागलं, माणूस ठणठणीत झाला. कॉलनीत काकांचं नाव झालं. पण वकीलसाहेब पुन्हा बाकावर आले नाहीत. रस्त्यात भेटले की नमस्कार घालायचे, तब्येत छान आहे म्हणायचे, आणि पुढे जायचे.

"बरा झाला ना," काका मला म्हणाले, "मंग कायले येईन?"

ते कौतुकाने म्हणाले असं मला वाटलं. खरं तर त्यांच्या सगळ्या आयुष्याचं दुखणं त्यात होतं. त्यांचं काम चोख झालं की माणूस उठून जायचा, आणि मग यायला कारण उरायचं नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत, मी इथे यायच्या आधी, तर खोकणारा माणूस दाराबाहेरच पडत नव्हता आणि न खोकणारा काकांकडे येत नव्हता. तेव्हा ते रोज पहाटे काढा करायचे आणि दहा वाजता अडुळशाच्या मुळाशी ओतून द्यायचे. हे मला वानखडे वहिनींनी सांगितलं, आणि म्हाताऱ्याच्या सवयी म्हणून आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

दुसऱ्या हिवाळ्यात मी माझ्या आयुष्यातली सर्वांत व्यवस्थित चूक केली.

काकांचा हात थरथरायला लागला होता. पहाटेची थंडी, जड पातेलं, घोट घोट ओतणं. मला ते बघवेना. कॉलेजात आयुर्वेदाचं एक जुनं पुस्तक हाती लागलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, काढ्यात साखर घालून पाक केला की तो महिनोन्‌महिने टिकतो. मी धावत पुस्तक घेऊन काकांकडे गेले. पान उघडून त्यांच्यासमोर धरलं.

"हे बघा काका. टिकतो!"

त्यांनी चष्मा लावून सगळं पान वाचलं. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"टिकते तं," ते हळूच म्हणाले.

पस्तीस वर्षं वैद्यांकडे तोच पाक त्यांनी ढवळला होता. त्यांना माहीत नसणार होतं का? पण मी इतकी खूश होते की मला एवढंही सुचलं नाही. ते तरी काय बोलणार होते? दुसऱ्या दिवशी उतरते असं ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांच्यातलीच एक मी, पुस्तक घेऊन समोर उभी. पुढच्या रविवारी अकोल्याला न जाता मी बाटल्या गोळा केल्या, उकळल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या: नाव, तारीख, दिवसातून दोनदा. काकांनी जुन्या सवयीने कागदाच्या पट्ट्या कातरून त्यांना खाचा पाडल्या, एक खाच म्हणजे एक डोस, आणि बाटल्यांना उभ्या लावल्या. त्यांची कात्री अजून सफाईने चालत होती. कॉलनीत मी स्वतः फिरून वाटप केलं. सगळे म्हणाले, मॅडम, हे फार बरं केलं हो, सकाळची किती धांदल व्हायची. मीही मान डोलावत होते.

पंधरा दिवसांनी कॉलेजला निघाले तर काका खुर्चीत बसलेले. बाक पुसलेला. पातेलं स्टुलावर, झाकण घातलेलं.

"काका, आता कशाला केलात काढा? बाटल्या आहेत ना सगळ्यांकडे."

"हो. हायेत." मग माझ्याकडे न बघता, "आज कोनी नाई आलं. कालबी नाई. परवा थे टेलरची पोरगी आली होती, रिकामी बाटली घेऊन. बाटली ठेवली अन् पळाली."

मी फाटकाशी उभी राहिले. साडेनऊ वाजून गेले तरी उभी राहिले. लोक काढ्याला येत होते आणि काकांना माणसं मिळत होती, इतकं ते सरळ होतं, आणि मी ते बाटलीत भरून बूच लावून टाकलं होतं.

मग मी ते निस्तरायला निघाले. घरोघर जाऊन सांगितलं की ताज्याचाच गुण जास्त, बाटलीतल्याचा नाही. लोकांनी ऐकून घेतलं. वहिनी म्हणाल्या, "अहो पन आमची बाटली अर्धी हाय अजून." टेलर म्हणाला, गुण येऊन राहिला की. गुण येतच होता. काकांचं औषध कुठेही प्यायलं तरी काकांचंच होतं. वहिनींच्या सासूबाई तेवढ्या चार दिवस येऊन बसल्या, पण त्यांचे गुडघे दुखायला लागले.

राहिले मी. पण मला खोकला नव्हता, आणि खोकल्याशिवाय काढा द्यायचा नाही हा काकांचा नियम. नुसतं बसायला या असं ते कोणाला म्हणणारे नव्हते, आणि नुसती बसायला जाणारी मी नव्हते. आम्ही दोघंही कामाशिवाय कोणाच्या दारात उभी न राहणारी माणसं. तेव्हा एका सकाळी मी पडवीत जाऊन बाकावर बसले आणि खोकले. काकांनी डोळे मिटले. मी आणखी एकदा खोकले, जरा जास्तच जोर लावून.

काकांनी डोळे उघडले. आत गेले, पितळी पेला घेऊन आले आणि माझ्या हातात दिला. आत नुसतं गरम पाणी होतं.

"याच्यात औषध नाई," ते म्हणाले. "पन बसा लागते."

त्यानंतरचं दीड वर्ष मी रोज कॉलेजला जायच्या आधी तिथे बसत होते. गरम पाणी प्यायचं, काल काय केलं ते सांगायचं. ते मला वैद्यांच्या गोष्टी सांगायचे. बायकोबद्दल एकदाच बोलले. तिला कधी खोकला झाला नाही, म्हणाले. हृदयाचं निघालं, आणि त्याचा काही आवाज येत नाही.

तिसरं वर्ष संपताना माझी अकोल्याला बदली झाली. तीन वर्षं अर्ज करत होते, त्यामुळे आनंद झाला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. निघायच्या दिवशी काकांकडे गेले. वाटलं, एखादी बाटली बांधून देतील.

"बाटली नाई देनार," तेच म्हणाले. "खोकला आला तं या."

डिसेंबरात आला. अकोल्याच्या घराचं रंगकाम काढलं होतं, आणि ओला फडका, नाकाला दुपट्टा, सगळी शिकवण विसरून मी कपाटं कोरडी झटकत बसले. आमचे हे म्हणाले, मेडिकलमधून एखादं सिरप आण आणि मोकळी हो. मी रविवारी सकाळची बस धरली. अकोला ते अमरावती जाऊन-येऊन पाच तास, तेही एका पेल्यासाठी. ह्यांनी कपाळाला हात लावला.

काका खूप वाळले होते. मला फाटकात पाहून उठले नाहीत, नुसतं बाकाकडे बोट दाखवलं. मी बसले आणि खोकले. त्यांनी डोळे मिटले, आणि बघता बघता तो सगळा चेहरा उजळला.

"खरा हाय," ते म्हणाले. "खरा हाय, मॅडम."

पेला भरताना काढा स्टुलावर सांडला. मी प्यायले. मग निघताना ते म्हणाले, "सात दिवस घ्या लागते, ठाऊक हाय ना?"

"काका, मला रविवारशिवाय जमत नाही."

"मंग सात रविवार या."

खोकला दुसऱ्या रविवारपर्यंतच गेला होता. हे त्यांनाही ऐकू येत होतं. तरी तिसऱ्या रविवारी पातेलं तयार होतं, चौथ्यालाही. पाचव्या रविवारी मी गेले नाही. आमच्याकडे नणंद आली होती, तिच्या मुलासाठी मुलगी बघायची होती. सहाव्या रविवारी कॉलेजच्या तपासणी समितीची तयारी. सातव्या रविवारी काहीच नव्हतं. मी घरीच होते. थंडी फार होती आणि मला बस नको वाटली. पुढच्या बुधवारी रेखाचा फोन आला. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच गेले, म्हणाली. वहिनींनी चार वाजता पाहिलं. मग म्हणाली, "ताई, बाबांनी सांगितलं होतं तुमचं. रविवारी येतात म्हणून."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या चौथ्या रविवारी. काढा पिऊन झाला, बसून झालं, मी पर्स उचलली. काका आत गेले आणि दारात येऊन उभे राहिले. आतून खमंग वास येत होता. पाटवडीची भाजी केली होती त्यांनी, थरथरत्या हाताने बेसन थापून, वड्या पाडून. एकट्या माणसाला एवढा खटाटोप कोण करतं? त्यांच्या मागे जमिनीवर दोन ताटं मांडलेली दिसत होती.

"जेवून जानं होत असंन तं..." ते म्हणाले.

"अहो काका, साडेअकराची बस आहे. ती चुकली तर घरी चार वाजतील. पुढच्या रविवारी जेवते, नक्की."

"बरं," ते म्हणाले. मी चपला घातल्या. फाटकाची कडी लावताना मागे वळून पाहिलं, तेव्हा ते एक ताट उचलून परत फळीवर ठेवत होते.